पहिला धोबी कुणी पाहिला?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.

या भागाला निमित्त झालं एका फोनचं. गणपती नुकतेच उठले होते. पाऊस सरत आलेला, सकाळी गवतावर दव, आणि दुपारी ऊन असं की अंगाची लाही व्हावी. तशात काकांच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबांच्या वह्या सापडल्यात कपाटाच्या तळाशी. पक्ष्यांच्या. दोन पिशव्या भरतील एवढ्या आहेत. उद्या रद्दीवाला येतोय. तुला हव्यात का, की देऊन टाकू?"

हे काका माझे सख्खे नव्हेत. बँकेतून निवृत्त झालेले, पुण्यात पाषाण तलावावर दर रविवारी भेटणारे, आम्हा सगळ्यांचेच काका. यंदाच्या उन्हाळ्यात गेले. मी तिला म्हटलं, "एकही कागद देऊ नकोस, मी आत्ता निघालो." स्कूटर काढली आणि निघालो. वाटेत सारखं एकच डोक्यात येत होतं: हे असं आधीही घडलंय. आणि तेव्हा फोन करणारं कुणी नव्हतं.

ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी त्या वह्यांत काय होतं ते ऐका.

शंभर पानी साध्या वह्या. प्रत्येक पानावर तारीख, जागा, वेळ, आभाळ कसं होतं, आणि खाली पक्ष्यांची नावं आणि संख्या. कौतुक नाही, वर्णनं नाहीत, कविता नाहीत. फक्त दरवर्षी भाद्रपदाच्या आसपास एक ओळ लाल शाईनं: "करडा धोबी आला."

ज्यांना धोबी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिमणीपेक्षा सडपातळ पक्षी, पाण्याच्या काठानं तुरुतुरु चालतो आणि शेपटी सारखी खालीवर हलवतो, घाटावर कपडे आपटावेत तशी. म्हणून धोबी, कुणी परीटही म्हणतं. त्यातला एक मोठा, काळापांढरा धोबी आपल्याकडे बारा महिने असतो. पण करडा धोबी, ज्याची पाठ करडी आणि पोट पिवळं, तो पाहुणा. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला पिल्लं वाढवायची आणि पावसाळा सरता सरता आपल्या ओढ्याकाठी हजर व्हायचं. थंडीतल्या पाहुण्यांत अगदी पहिल्या पंगतीला बसणारा. बदकं यायला अजून अवकाश असतो, तेव्हा हा पुलाखालच्या दगडावर शेपटी हलवत उभा असतो.

आता तुम्ही म्हणाल, एक एवढासा पक्षी आला, त्यात लाल शाई कशाला? तर मंडळी, ही लाल शाई फार जुनी आहे.

सहाव्या शतकात, उज्जैनच्या परिसरात वराहमिहिर नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या 'बृहत्संहिते'त ग्रह, पाऊस, घरबांधणी, रत्नं असं काय काय आहे. आणि त्यात एक आख्खा अध्याय आहे खंजन पक्ष्यावर. खंजन म्हणजे आपला धोबी. मोसमात तो पहिल्यांदा दिसला की त्याचं फळ काय, हा अध्यायाचा विषय. वराहमिहिर आधी त्याचे प्रकार सांगतात, तेही रंगांवरून. गळा काळा असलेला 'भद्र', तोंडापासून गळ्यापर्यंत काळा तो 'संपूर्ण', गळ्यावर काळा ठिपका असलेला 'रिक्त', आणि पिवळा तो 'गोपीत'. यातला पिवळा दिसला तर त्रास होतो म्हणे! म्हणजे आमचे काका आयुष्यभर दरवर्षी स्वतःहून क्लेश ओढवून घेत होते.

मग तो कुठे दिसला याचं महत्त्व. चांगल्या जागी, पाण्याशी, कमळांपाशी, गाईगुरांजवळ दिसला तर शुभ. राखेवर, हाडांवर दिसला तर अशुभ. राजानं चांगल्या जागी खंजन पाहिला तर जमिनीवर फुलं आणि धूप यांसह अर्घ्य द्यावं. आणि सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे, जिथे खंजनाची जोडी जमते त्या जागी जमिनीखाली धन असतं, जिथे तो ओकतो तिथे काच आणि जिथे शिटतो तिथे कोळसा, असं ते सांगतात. आणि पुढे म्हणतात, कुतूहल फेडायचं असेल तर खणून बघा!

शकुन आपण बाजूला ठेवू. पण त्या अध्यायाचा सांगाडा बघा. कुठला पक्षी, रंग नेमका कसा, कुठे दिसला, मोसमातला पहिला होता का, आणि विश्वास नसेल तर तपासा. पक्षीनिरीक्षकाच्या वहीत आजही याहून फारसं वेगळं काही नसतं. फक्त आपण धनासाठी खणत नाही.

वराहमिहिरांकडे नोंद होती ती राजासाठी. बघणाऱ्यानं बघितलं, राजाला सांगितलं, संपलं. बघणाऱ्यांनी एकमेकांना सांगायचं, आणि सांगितलेलं साठवायचं, ही गोष्ट आपल्याकडे यायला बराच काळ गेला. ती आली तेव्हा महिनाही हाच होता.

१५ सप्टेंबर १८८३. मुंबई. भायखळ्याच्या राणीबागेतलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथे आठ माणसं जमली. निसर्गाविषयी एकमेकांच्या नोंदी ऐकायच्या आणि जमवलेले नमुने दाखवायचे, एवढाच हेतू. त्यातून उभी राहिली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपली बीएनएचएस.

या आठांतले सहा युरोपीय आणि दोन मराठी. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. हो, तेच, ज्यांनी १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना केली. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतींचे जाणकार. त्यांच्या सावत्र मुलीचं नाव तुम्हाला नक्की माहीत असणार: रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली, पुढे डॉक्टर झालेली रखमाबाई. ज्या घरात तो खटला गाजणार होता, त्याच घरातला माणूस म्युझियमात बसून नोंदींची देवाणघेवाण करत होता. आपण समाजसुधारणेचा इतिहास एका कप्प्यात ठेवतो आणि निसर्ग-अभ्यासाचा दुसऱ्या. त्या माणसांना असे कप्पे बहुधा ठाऊकच नव्हते.

आठांतले आणखी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. यांचा जन्म साताऱ्याचा, वडील मिशनरी. पुण्यात डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं, मग कस्टम्स आणि मिठाच्या खात्यात नोकरी केली. त्यामुळे किनारपट्टी पालथी घातलेली. 'ईएचए' या तीन अक्षरांनी लिहायचे. संस्थेचे पहिले मानद सचिव तेच. १८८६च्या जानेवारीत संस्थेचं नियतकालिक सुरू झालं, तेव्हा आर. ए. स्टर्नडेल यांच्यासोबत ते संपादक होते. हे नियतकालिक आजही निघतं. त्यात मोठे लेख तर असतातच, पण मला ओढ असते शेवटच्या पानांची. तिथे छोट्या टिपा असतात. अमक्यानं अमुक ठिकाणी अमुक तारखेला हा पक्षी पाहिला, जो तिथे सहसा दिसत नाही. बस. पण अशी टिप छापली गेली की ती एकट्याची राहत नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी ती उघडून विचारू शकतं, "काय हो, हा पक्षी तेव्हा इथे होता?"

आता ती मघाशी राहिलेली गोष्ट. रद्दीची.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत शिकलो ते काँग्रेसच्या स्थापनेत. डिसेंबर १८८५, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेज. पण त्याआधी कित्येक वर्षं ह्यूमसाहेबांचं वेड होतं पक्षी. १८७२-७३ मध्ये त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' म्हणजे 'विखुरलेली पिसं' नावाचं पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक काढलं. देशभरातले कलेक्टर, फौजी अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर त्यांना पत्रं पाठवायचे, पक्ष्यांची भुसा भरलेली कातडी पाठवायचे. त्या काळी बंदूक हीच दुर्बीण होती, हे विसरता येत नाही. ह्यूम शिमल्याच्या आपल्या घरात, रॉथनी कॅसलमध्ये, हे सगळं जमवत होते. भारतातल्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. त्यासाठी वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, पत्रव्यवहार, टिपणं तयार होती.

आणि १८८०च्या दशकाच्या मध्यात, ते घरी नसताना, एका नोकरानं तो सगळा कागद शिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावानं विकला.

ह्यूमना कळलं तोवर फार थोडं उरलं होतं. त्या धक्क्यानंतर ग्रंथाचा विचार त्यांनी सोडला. १८८५ मध्ये आपला संग्रह, कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांहून अधिक नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नमुने लंडनला सुखरूप पोचले. पण त्यांच्यामागे जे पाहिलेलं होतं, कुणी, कधी, पक्षी काय करत होता तेव्हा, त्यातलं किती वाण्याच्या पुड्यांत गेलं याचा हिशेब कुणीच देऊ शकत नाही.

काकांकडे जाताना स्कूटरवर माझ्या डोक्यात हेच होतं.

पण मंडळी, नोंद हरवणं हे एक संकट झालं. दुसरं संकट त्याहून वाईट असतं, आणि ते आपल्या खानदेशात घडलंय.

१८७२च्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडमधल्या बसन्याजवळ, एफ. आर. ब्लेविट यांना एक छोटं घुबड मिळालं. ह्यूमनी पुढच्या वर्षी त्याचं वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. हाच आपला रानपिंगळा. घराजवळ दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊ, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि चोच, पंजे दणकट. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं शहादा-तळोद्याच्या भागात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र सामसूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी.

त्या सातांतलं एक म्हणे १९१४ सालचं होतं. गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याचं लेबल. मिळवणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन, ब्रिटिश सैन्यातले नामांकित अधिकारी आणि पक्षीतज्ज्ञ. एवढ्या मोठ्या माणसाचं लेबल. शंका कोण घेणार? रानपिंगळ्याची शेवटची खूण म्हणून तीच नोंद पुस्तकांत गेली.

१९९०च्या दशकात अमेरिकी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्झहॅगनचे नमुने तपासायला घेतले. एक्स-रे काढले, आतला कापूस, हाडांची कापाकापी, शिवण पाहिली. कातडं सोलून भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते, हस्ताक्षरासारखी. हा रानपिंगळा मुळात भरलेला होता डेव्हिडसनच्या धाटणीनं. माइनर्ट्झहॅगननं संग्रहालयातून तो उचलला होता, पुन्हा भरून त्याचं रूप बदललं होतं आणि नवीन तारीख-जागा चिकटवून आपला म्हणून ठेवला होता. १९९९ मध्ये रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं पुराव्यानिशी छापलं. आणि हा एकच नमुना नव्हता. त्याच्या संग्रहातल्या असंख्य नोंदींवर आज कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणजे एका खोट्या चिठ्ठीनं एका दुर्मिळ पक्ष्याला त्याच्या घरापासून लांब, भलत्याच जागी आणि भलत्याच वर्षी नेऊन बसवलं होतं. ती चिठ्ठी बाजूला काढल्यावर उरल्या जुन्या, साध्या, प्रामाणिक जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्या जागा धुंडाळत निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, भर उजेडात एका झाडावर तो बसलेला दिसला. १८८४ नंतर ११३ वर्षांनी. डेव्हिडसननं नीट लिहून ठेवलेलं होतं, म्हणून सापडला. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आहे हे कळलं.

रानपिंगळ्याची ही गोष्ट मी कितीतरी वेळा मित्रांना रंगवून सांगितली आहे. दरवेळी त्या कर्नलला चार शिव्या घालून. आता त्या शिव्या मला जरा जड जातात. का, ते शेवटी सांगतो.

त्याआधी काकांच्या पिढीपर्यंत येऊ. १९५९-६०च्या सुमारास मुंबईत झफर फतेहअली यांनी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केलं. सायक्लोस्टाइल केलेली पानं, शाई कधी फिकी कधी फराटे मारलेली, महिन्याच्या महिन्याला टपालानं. शास्त्रज्ञच पाहिजे अशी अट नाही. रेल्वेतला कारकून, शाळामास्तर, चहामळ्यातला मॅनेजर, कुणीही आपली नोंद पाठवावी. काकांना कुणीतरी त्याचे जुने अंक दिले होते. ते म्हणायचे, "अरे, आपण एकटेच वेडे नाही, हे मला त्या पानांवरून कळलं."

त्याच काळात, १९५९ पासून, सलीम अलींच्या देखरेखीखाली बीएनएचएसनं पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं मोठं काम हाती घेतलं. पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा. कारण शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये एक नवा ताप आढळला होता आणि त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला होता. प्रश्न असा पडला की, पक्षी तर तो आणत नाहीत ना? म्हणून जाळी लावली गेली, हजारो पक्षी पकडून, कडी घालून सोडले गेले. कडीवर नंबर आणि इंग्रजीत एक विनंती: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. भरतपूरला कडी घातलेली बदकं सोव्हिएत रशियात सापडू लागली. भाषा वेगळी, राजवट वेगळी, मधे हिमालय. आणि कुणीतरी त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा नंबर कागदावर उतरवून मुंबईला पाठवतोय! पाहिलेलं सांगण्याची साखळी याहून लांब काय असणार?

आणि सांगण्यानं काय होऊ शकतं, याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आहे नागालँडचं. अमूर ससाणा हा मुठीएवढा शिकारी पक्षी. सैबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथून शरदात निघतो, ईशान्य भारतात थांबतो, मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये वोखा जिल्ह्यात डोयांग धरणाजवळ, पांगती गावाच्या परिसरात, बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू पोचले. तिथे त्यांनी पाहिलं की झाडांमधून मासेमारीची जाळी ताणलेली आहेत आणि ससाणे त्यात अडकून हजारोंनी मारले जातायत. त्यांनी मोजलं, चित्रीकरण केलं, हिशेब मांडला: एका मोसमात सव्वा लाखाच्या आसपास पक्षी. आणि ते जगापुढे ठेवलं.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावकऱ्यांनी स्वतः ठरवून जाळी उतरवली. त्या मोसमात एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवली. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावाच्या नावाची बदनामी झाली होती, तेच नाव घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडून गेला. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की, पाहणाऱ्यांनी नुसता संताप कळवला नाही. आकडा, जागा आणि तारीख कळवली. आणि गावकऱ्यांनी ती नाकारली नाही.

आता माझी गोष्ट. बरीच वर्षं टाळलेली.

दहाएक वर्षांपूर्वीची सप्टेंबरातली सकाळ. पाषाण तलावावर मी एकटाच. आभाळात उजेडाच्या विरुद्ध बाजूनं एक छोटा ससाणा गेला. टोकदार पंख, चटकन वळला, झाडांमागे नाहीसा. नागालँडची बातमी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. मी मोबाईल काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकलं: "पाषाणला अमूर ससाणा!!!" तीन उद्गारचिन्हं. दहा मिनिटांत अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस.

संध्याकाळी काकांचा फोन. ओरडले नाहीत. चार प्रश्न विचारले. "किती वाजता? उजेड कुठून होता? किती वेळ दिसला? आणि दुसरं काय असू शकेल, याचा विचार केलास का?" मी म्हटलं, "काका, मला खात्री आहे." ते म्हणाले, "हो, पण सप्टेंबरात अमूर अजून तिकडेच असेल रे. आपल्याकडे दिसला तर नोव्हेंबरच्या सुमारास." आणि विषय बदलला.

पुढच्या रविवारी त्याच झाडांवर, त्याच बाजूला, एक खरुची हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली आम्ही दोघांनी पाहिली. मादी. टोकदार पंख, चटकन वळणारी. मला लगेच कळलं. काकांनाही कळलं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. ग्रुपवर दुरुस्ती टाकायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नाही, मी टाकली नाही. एवढ्या टाळ्या परत कशा करायच्या? पुढे कुणीतरी तलावाच्या पक्ष्यांची यादी केली, त्यात अमूर ससाणा दिमाखात बसला.

त्या दिवशी काकांच्या घरी जमिनीवर बसून वह्या चाळताना ते पान सापडलं. काकांच्या बारीक अक्षरात: "अमूर ससाणा (?) – मी पाहिला नाही, ऐकीव." आणि पुढच्या रविवारच्या पानावर: "खरुची, मादी, १. गेल्या आठवड्यातला हाच असावा." माझं नाव दोन्हीकडे नव्हतं. त्यांनी माझी लाज राखली होती आणि नोंदही राखली होती. मी मात्र फक्त लाज राखली.

माइनर्ट्झहॅगन खोटं बोलला, मी चुकलो. फरक आहे, मान्य. पण चूक कळल्यावर गप्प बसलेल्या माणसाची नोंद पुढच्या पिढीसाठी लबाडाच्या नोंदीइतकीच निकामी असते. यादी वाचणाऱ्याला माझा हेतू काय होता ते दिसत नाही, त्याला फक्त पक्षी आणि तारीख दिसते.

म्हणून हा भाग केला. तलावाची ती यादी करणाऱ्यांना मी कळवलंय, आणि ग्रुपवरही टाकलंय, उद्गारचिन्हांशिवाय. एकानं विचारलं, "इतक्या वर्षांनी कशाला?" त्याचं उत्तर आजच्या काळात आहे. पूर्वी माझी चूक एका वहीत राहिली असती. आता तसं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेनं ऑड्युबॉन संस्थेसोबत 'ई-बर्ड' सुरू केलं. आज आपल्याकडचे हजारो लोक त्यावर आपल्या याद्या टाकतात. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो अशाच सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या. त्यावरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, आणि उत्तरेकडून येणारे पाणथळीतले पाहुणे कमी होतायत हे त्यातून कळलं. ही तीन कोटी ओझी उचलणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच. कुणी रविवारी सकाळी तलावावर उभं राहून काहीतरी टिपलेलं.

तिथेही दुर्मिळ पक्षी नोंदवला की जाणकार स्वयंसेवक विचारतात: कसा ओळखला? उजेड कसा होता? दुसरं काय असू शकेल? मला दरवेळी वाटतं, काकांचाच फोन आला.

जाता जाता एक सांगणं. पाहिलेलं वाटावं, पण सगळंच वाटू नये. घरटं, घुबडाची ढोली, विणीची जागा यांचा ठावठिकाणा जाहीर करू नका. काकांच्या वह्यांत अशा ठिकाणी फक्त "नेहमीची जागा" एवढंच लिहिलेलं आहे. कुठली, ते त्यांनाच ठाऊक. ती माहिती त्यांच्यासोबत गेली आणि ते बरंच झालं.

सध्या माझ्या संध्याकाळी त्या वह्यांत जातात. ई-बर्डवर जुन्या तारखांच्या याद्याही भरता येतात, म्हणून एकेक रविवार भरतोय. काकांची मुलगी मदतीला येते. तिला वडिलांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं लागतं. मधेच थांबून म्हणते, "या दिवशी माझी दहावीची परीक्षा होती, आणि बाबा तलावावर!" तुमच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी एखादी वही असेल तर रद्दीवाल्याला जरा थांबवा. ती पक्ष्यांचीच असायला हवी असं नाही. पावसाची असेल, आंब्याच्या मोहराची असेल, विहिरीच्या पाण्याची असेल. तारीख आणि जागा असली की झालं.

आणि हो. परवा सकाळी पाषाणला गेलो होतो. साडेसातची वेळ, ऊन पाठीमागून, दगडावर दोन मिनिटं तरी नीट दिसला. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी खालीवर. दुसरं काही असू शकेल का, याचाही विचार केला.

घरी आलो, नवी वही उघडली आणि लाल पेन शोधला.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्याकडे पहिला धोबी कधी आला ते कळवा. वेळ आणि जागेसकट.